नाव सीमेपलीकडे नेताना : परदेशातील व्यापारचिन्ह-नोंदणी



वांद्रे हे मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय. १९९० साली हा जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हापासून येथील वांद्रे-कुर्ला संकुलाचा विस्तार होत गेला आणि आज देशाच्या व्यापारातील काही फार मोठे व्यवहार या संकुलात होतात. २०१० साली येथे भारत डायमंड बोर्स सुरू झाले. त्याच्या आवारातच सीमाशुल्क विभागाची व्यवस्था आहे. हिऱ्यांचे पुडके तेथे तपासले जाते, मोहोरबंद होते आणि परदेशी रवाना होते. माल देशाबाहेर जाण्याची वाट अशी ठरलेली आहे.

परंतु ज्या नावाने एखादा माल ओळखला जातो, त्या नावाची वाट निराळी आहे. पेटी बंदरातून किंवा विमानतळावरून परदेशी गेली म्हणून पेटीवरील नावाचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. व्यापारचिन्हाचा, म्हणजेच ट्रेडमार्कचा हक्क हा त्या त्या देशाच्या कायद्याने मिळतो आणि त्या देशाच्या सीमेवर संपतो. भारतात विधिवत नोंदलेले चिन्ह जर्मनीत किंवा जपानमध्ये आपोआप सुरक्षित होत नाही. ही गोष्ट वरकरणी वकिलांच्या आणि बड्या कारखानदारांच्या विचाराची वाटते. प्रत्यक्षात तिचा संबंध सूत कातणाऱ्या, चप्पल शिवणाऱ्या आणि आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या माणसांशी आहे. म्हणूनच ती ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुका-जिल्हा पातळीवरील अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

खादीचा अनुभव

याचे बोलके उदाहरण वांद्र्याहून फार दूर नाही. उपनगरी गाडीने उत्तरेकडे निघाले की तिसरे स्थानक विलेपार्ले. तेथील इर्ला मार्गावर ‘ग्रामोदय’ या इमारतीत खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय आहे. १९५६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या आणि १९५७ पासून कार्य करीत असलेल्या या आयोगाकडे खादीच्या उत्पादनाची, विक्रीची आणि पर्यायाने तिच्या नावलौकिकाची जबाबदारी आहे.

खादी म्हणजे हातकताईच्या सुताचे हातमागावर विणलेले कापड, हे भारतात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. स्वातंत्र्याच्या चळवळीने या शब्दाला जो अर्थ दिला तो कोणाच्या मालकीचा नाही, अशीच सर्वसाधारण समजूत होती. परंतु २०११ साली जर्मनीतील एका कंपनीने ‘खादी’ हे नाव युरोपीय संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयात साबण, सुगंधी तेले आणि सौंदर्यप्रसाधने अशा मालासाठी स्वतःच्या नावे नोंदविले. आयोगाने त्याला हरकत घेतली. हा वाद प्रथम युरोपीय ट्रेडमार्क कार्यालयात आणि पुढे लक्झेंबर्ग येथील न्यायालयापर्यंत गेला. एका अर्जाने आणि ठरलेल्या शुल्काने जी गोष्ट प्रारंभीच साधली असती, तिच्यासाठी वर्षानुवर्षे परदेशी वकील, परदेशी भाषेतील कागदपत्रे आणि परदेशी न्यायासन यांच्याशी सामना करावा लागला.

अशा वादात हरकत घेणाऱ्याची अडचण कोणती असते, हे नीट लक्षात घ्यावयास हवे. हे नाव भारतात किती जुने आहे, किती पूज्य आहे, एवढे सांगून भागत नाही. हरकत घेणाऱ्याच्या नावाला त्या देशात, त्या मालाच्या ग्राहकांमध्ये, त्या तारखेपूर्वी ओळख होती काय, हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर कागदोपत्री पुराव्याने द्यावे लागते. तेथील विक्रीची बिले, तेथील जाहिराती आणि तेथील दुकानदारांच्या मागण्या यांचे कागद हाती नसतील, तर इतिहास कितीही मोठा असला तरी तो कामी येत नाही.

या अनुभवानंतर आयोगाने परदेशातील नोंदणी पद्धतशीरपणे हाती घेतली. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, रशिया, चीन आणि युरोपीय संघ येथे मालाच्या काही वर्गांत त्याला ‘खादी’ या शब्दचिन्हाची नोंदणी मिळाली. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये मेक्सिकोत, २८ जून २०२१ रोजी संयुक्त अरब अमिरातीत आणि ९ जुलै २०२१ रोजी भूतानमध्ये नोंदणी झाली. त्या वेळी आणखी ४० देशांत आयोगाचे अर्ज विचाराधीन होते आणि त्यांत अमेरिका, जपान, इटली, सिंगापूर, ब्राझील यांचा समावेश होता. या नोंदण्या केवळ कापडापुरत्या नाहीत. तयार कपडे, साबण, सौंदर्यप्रसाधने, अगरबत्ती या ग्रामोद्योगी वस्तूही त्यांत आल्या आहेत. जेथे घाव बसला होता तेथे उपाय झाला, असे म्हणता येईल.

वर्गांचे महत्त्व

‘काही वर्गांत नोंदणी मिळाली’ या शब्दांत या विषयाचे एक मर्म आहे. जगातील बहुतेक देश मालाची आणि सेवांची ४५ वर्गांत विभागणी करतात. कापड २४ व्या वर्गात येते, तयार कपडे व पादत्राणे २५ व्या वर्गात, साबण व प्रसाधने तिसऱ्या वर्गात, तर ताजी फळे ३१ व्या वर्गात येतात. फळांचा गर आणि मुरंबे २९ व्या वर्गात, तर सरबते ३२ व्या वर्गात मोडतात. एका वर्गातील नोंदणीने दुसऱ्या वर्गात संरक्षण मिळेलच असे नाही. कोकणातील एखाद्या सहकारी संस्थेने ताज्या आंब्यासाठी नाव नोंदविले आणि आमरसाचे डबेही त्याच नावाने परदेशी पाठविले, तर डब्यावरील नाव उघडेच राहण्याचा संभव असतो.

दार्जिलिंगच्या चहाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. भारतात भौगोलिक मानांकन मिळविणारी ही पहिली वस्तू. २०११ साली युरोपीय संघानेही या नावाला चहापुरते संरक्षण दिले. तथापि, एका फ्रेंच कंपनीने ‘दार्जिलिंग’ हे नाव अंतर्वस्त्रांसाठी नोंदविले, तेव्हा भारतीय चहा मंडळाने घेतलेली हरकत टिकली नाही. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये मंडळाचे अपील फेटाळले. त्या नावाचे कपडे पाहून ग्राहक ते दार्जिलिंगहून आले असे समजणार नाही, असाच या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ होता. कोणते नाव, कोणत्या मालासाठी आणि कोणत्या देशात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळून हक्क तयार होतो. त्यांतील एक जरी सुटला तरी तेवढी जागा मोकळी राहते.

कोल्हापुरीचा धडा

आता महाराष्ट्राच्या घरातील उदाहरण पाहू. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्रादा या प्रसिद्ध कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात दाखविलेली चामडी पादत्राणे कोल्हापुरी चपलांशी मिळतीजुळती होती, परंतु त्यांचा उल्लेख केवळ चामडी सँडल असा होता. महाराष्ट्रात याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि या पादत्राणांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले.

कोल्हापुरी चपलेला भारतात भौगोलिक मानांकन होतेच. हे मानांकन महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ या दोघांकडे संयुक्तपणे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकातील चार, असे आठ जिल्हे त्यात येतात. परंतु हे मानांकन भारताच्या कायद्याखालील होते. इटलीत त्याला कायद्याचे बळ नव्हते. शिवाय मानांकन नावाचे रक्षण करते, चपलेच्या घाटाचे नव्हे. नावच न वापरता केलेल्या अनुकरणाला थोपविणे त्यामुळे अधिक अवघड होते.

या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्यांच्या नावे मानांकनाची नोंदणी आहे ते हक्कासाठी न्यायालयात येऊ शकतात, इतरांना तसा अधिकार नाही, हे त्यामागील मुख्य कारण होते. नोंदणी कोणाच्या नावे आहे आणि तो नोंदणीधारक जागरूक आहे की नाही, यावर कारागिराचे भवितव्य किती अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये या दोन महामंडळांनी प्रादाशी करार केला. महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांच्या साहाय्याने २,००० जोड तयार करून सुमारे ८०० युरो किमतीस विकण्याचे कंपनीने जाहीर केले. वाद सामोपचाराने मिटला ही समाधानाची बाब आहे. परंतु लोकमताच्या दडपणाने मिळालेले फळ आणि कायद्याने मिळालेला हक्क या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रत्येक वेळी वृत्तपत्रे धावून येतीलच असे नाही.

व्यापारचिन्ह आणि भौगोलिक मानांकन

या दोन संज्ञांत पुष्कळदा गल्लत होते. व्यापारचिन्ह हे एका मालकाचे असते. तो मालक व्यक्ती असेल, कंपनी असेल किंवा सहकारी संस्था असेल. भौगोलिक मानांकन हे एका प्रदेशातील सर्व प्रामाणिक उत्पादकांचे असते आणि एखादी संस्था किंवा महामंडळ त्यांच्या वतीने ते सांभाळते. भारतात या दोहोंसाठी १९९९ चे दोन स्वतंत्र कायदे आहेत. दोन्ही १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आले. ट्रेडमार्कचे मुख्य नोंदणी कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे, तर भौगोलिक मानांकनाचे कार्यालय चेन्नई येथे आहे.

परदेशात मात्र या दोन वाटा सर्वत्र सारख्या नाहीत. अमेरिकेत अशा प्रादेशिक नावांना बहुधा प्रमाणन-चिन्ह म्हणून ट्रेडमार्क कायद्याखाली संरक्षण घ्यावे लागते. युरोपीय संघात शेतमाल, खाद्यपदार्थ आणि मद्ये यांच्या प्रादेशिक नावांची स्वतंत्र नोंदवही पूर्वीपासून आहे. १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंच्या नावांनाही तेथे अशी नोंदणी मिळू लागली असून संघाबाहेरील देशांच्या उत्पादकांनाही ती खुली आहे. पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर यांसारख्या वस्तूंच्या दृष्टीने हे दार महत्त्वाचे आहे. मात्र एक अट सर्वत्र समान आहे. ज्या नावाला स्वतःच्या देशात संरक्षण नाही, त्याला संरक्षण देण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराने इतर देशांवर घातलेले नाही. म्हणून पहिली नोंदणी घरची, हा क्रम बदलता येत नाही.

नोंदणीची पद्धत

परदेशात ट्रेडमार्क नोंदविण्याचे सर्वसाधारणपणे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करण्याचा. त्यासाठी तेथील वकील किंवा अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. भारत डिसेंबर १९९८ मध्ये औद्योगिक मालमत्तेसंबंधीच्या पॅरिस कराराचा सभासद झाला. त्यामुळे भारतात प्रथम अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सभासद देशात अर्ज केल्यास, भारतातील अर्जाचीच तारीख तेथे ग्राह्य धरली जाते. या सहा महिन्यांत दुसऱ्या कोणी तेथे अर्ज केला तरी अग्रक्रम भारतीय अर्जदाराचा राहतो.

दुसरा मार्ग माद्रिद प्रोटोकॉलचा. भारतात तो ८ जुलै २०१३ पासून लागू आहे. या पद्धतीत भारतातील अर्ज किंवा नोंदणी हा पाया मानून, येथील नोंदणी कार्यालयामार्फत जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकच आंतरराष्ट्रीय अर्ज पाठविला जातो. शंभराहून अधिक देश या व्यवस्थेत आहेत. अर्जदाराने त्यांतील हवे ते देश निवडावयाचे असतात. जिनिव्हा कार्यालय अर्जाची बाह्य छाननी करून तो प्रसिद्ध करते. नोंदणी द्यावयाची की नाही हे मात्र प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवितो आणि नकार द्यावयाचा असल्यास तो १२ किंवा १८ महिन्यांच्या आत कळवितो. एकच अर्ज, एकच भाषा आणि दर दहा वर्षांनी एकाच ठिकाणी नूतनीकरण ही या मार्गाची सोय आहे.

खर्चाचा अंदाज असणे आवश्यक आहे. भारतातील मूळ अर्जासाठी व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना संगणकीय पद्धतीने प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. आंतरराष्ट्रीय अर्ज पुढे पाठविण्यासाठी भारतीय कार्यालयाचे शुल्क ५,००० रुपये आहे. जिनिव्हाचे मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हासाठी ६५३ आणि रंगीत चिन्हासाठी ९०३ स्विस फ्रँक आहे. शिवाय निवडलेल्या प्रत्येक देशाचे शुल्क वेगळे भरावे लागते. एखाद्या लहान संस्थेला ही रक्कम जड वाटेल. म्हणूनच जगभर अर्ज करण्याच्या भरीस न पडता, जेथे माल जातो आहे किंवा दोन-तीन वर्षांत जाणार आहे, तेवढेच देश निवडणे शहाणपणाचे ठरते.

या मार्गातील एक धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षे भारतातील मूळ नोंदणीवर अवलंबून असते. त्या काळात येथील अर्ज नामंजूर झाला किंवा नोंदणी रद्द झाली, तर परदेशातील सर्व नोंदण्या त्याच प्रमाणात कोसळतात. तीन महिन्यांच्या आत त्या त्या देशात स्वतंत्र अर्जात रूपांतर करण्याची सवलत असते, परंतु तिचा खर्च पुन्हा नव्याने येतो. पाया कच्चा ठेवून मजले चढविण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

गावपातळीवरील दक्षता

आता मुख्य प्रश्न असा की, या सर्वात ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा तालुक्याच्या कार्यालयाने काय करावयाचे? अर्ज लिहिणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु अर्ज उभा राहतो तो ज्या पुराव्यावर, तो गावातच तयार होतो.

पहिली गोष्ट नोंदींची. बचतगट, सहकारी संस्था किंवा कारागीर यांनी विक्रीची बिले, लेबलांचे नमुने, प्रदर्शनांतील सहभागाची पत्रे आणि परदेशातून आलेल्या मागण्या तारीखवार जपून ठेवाव्यात. आज रद्दीत जाणारा कागद उद्या एखाद्या परदेशी न्यायासनासमोर एकमेव साक्षीदार ठरू शकतो.

दुसरी गोष्ट परदेशी विक्रेत्याशी होणाऱ्या कराराची. परदेशातील वितरकाने सोयीसाठी म्हणून आपल्याच नावे चिन्हाची नोंदणी करून घेणे, हा जगभरच्या व्यापारात वारंवार घडणारा प्रकार आहे. पॅरिस करारात अशा नोंदणीला हरकत घेण्याची तरतूद आहे, पण निस्तरण्यापेक्षा टाळणे सोपे. चिन्ह भारतीय उत्पादकाचे आहे आणि वितरकाने ते स्वतःच्या नावे नोंदवू नये, असे वाक्य पहिल्याच करारात असले पाहिजे.

तिसरी गोष्ट वेळेची. भारतात चिन्हाच्या प्रत्यक्ष वापरालाही कायद्यात मान आहे. चीनसारख्या देशात मात्र जो प्रथम अर्ज करतो त्याचे पारडे जड असते. तेव्हा परदेशातील प्रदर्शनात माल मांडण्यापूर्वी किंवा नमुने पाठविण्यापूर्वी अर्ज झालेला असावा. तसेच देवनागरीतील नाव परदेशी ग्राहकाला वाचता येत नाही. म्हणून रोमन लिपीतील रूप आणि चीनसारख्या बाजारपेठेत तेथील लिपीतील रूपही विचारात घ्यावे.

चौथी गोष्ट वापराची. नोंदणी करून नाव कपाटात ठेवले तर ते टिकत नाही. युरोपीय संघात सलग पाच वर्षे वापर न झाल्यास चिन्ह रद्द होऊ शकते आणि इतर अनेक देशांतही अशी मुदत आहे.

पाचवी गोष्ट मालकीची. गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावावर चालणाऱ्या मालाचे चिन्ह एकट्यादुकट्याच्या नावे न जाता उत्पादकांच्या संस्थेच्या नावे जावे, यासाठी पंचायत सदस्यांनी पुढाकार घेतला पाहिजे. या कामी साहाय्य करणाऱ्या संस्था आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्य कार्यालय असलेली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजेच नाबार्ड, भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीसाठी आणि नोंदणीनंतरच्या बाजारपेठेसाठी मदत देते. लघुउद्योगांच्या योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. त्यांच्याकडे अर्ज घेऊन जाणारा माणूस गावातून निघावा लागतो, आणि त्याला वाट दाखविण्याचे काम शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी उत्तम रीतीने करू शकतात.

खादी आयोगासारख्या देशव्यापी संस्थेला जे उशिरा आणि मोठ्या खर्चाने करावे लागले, ते एखाद्या लहान उत्पादक संस्थेला उशिरा करणे परवडणारे नाही. खटला लढण्याइतके बळ तिच्याजवळ नसते आणि नाव गेले की नव्या नावाने पुन्हा ग्राहक जोडण्याइतका अवधीही नसतो. तेव्हा परदेशातून पहिली मागणी येईल त्याच दिवशी मालाच्या तयारीबरोबर नावाच्या नोंदणीचीही चौकशी सुरू व्हावी. जिल्हा उद्योग केंद्रातील अधिकाऱ्यापासून गावच्या पंचायत सदस्यापर्यंत प्रत्येकाने निर्यातीच्या चर्चेत ‘किती माल?’ या प्रश्नाइतकाच ‘नाव कोणाच्या नावे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर पुढचे पुष्कळ नुकसान टळेल.